मंगळवारी गेलेला मेसेज

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी तिथेच ठेवून आलो. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तपास दोन दिवसांत लागला, आरोपीही सापडला. तरी आठवण निघाली की माझं डोकं फिरतं, आणि ते आरोपीवर कमी, माझ्यावर जास्त फिरतं.

तेव्हा मी डोंबिवलीतल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. बुधवारी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह दोन सभासद बायकांना घेऊन आले. त्यातल्या एकीने फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच बघा. मला परत बघायचं नाही."

आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, वाचनालयाच्या सभासदांच्या ग्रुपवर एक अश्लील व्हिडिओ पडला होता. ग्रुपमध्ये निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सासवा-सुना होत्या. व्हिडिओ ज्या नंबरवरून आला तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो 'कंट्रोलर काकां'चा नंबर.

हे काका खोपटच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर. दर शनिवारी संध्याकाळी ते वाचनालयात ज्येष्ठांसाठी मोबाईलचा वर्ग घ्यायचे, फुकट. अक्षरं मोठी कशी करायची, खोटी लिंक कशी ओळखायची, बाजारात आलेला नवा फोन घेण्यासारखा आहे की नुसती जाहिरात आहे, असलं सगळं. फळ्यावर 'आजची टीप' लिहायचे आणि म्हातारी माणसं ती वहीत उतरवून घ्यायची.

कार्यवाह हळू आवाजात म्हणाले, "साहेब, सांगायला वाईट वाटतं. पण शिकवण्याच्या निमित्ताने बायकांचे फोन हातात घेतात ना, तेव्हाच मला खटकायचं."

मी मान डोलावली. फिर्याद नोंदवून घेतली, गुन्हा दाखल केला आणि काकांना बोलावणं धाडलं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांना ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसवून ठेवलं. पाकीट हरवलं, कागद हरवले अशा तक्रारी घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्या बाकासमोरून जातो. बाकावर तीन-चार तास बसवलं की माणूस अर्धा मऊ होतो, ही आमची पद्धत. मला ती कोणी शिकवली आठवत नाही, पुढे मी मात्र अनेकांना शिकवली. त्या दुपारी त्यांच्या सोसायटीतले दोघं जण कसल्याशा कामाला आले होते. दोघांनी त्यांना पाहिलं आणि नजर वळवली.

दुपारी आत घेतलं.

"नंबर तुमचाच ना?"

"हो."

"मंगळवारी फोन कोणाकडे होता?"

"माझ्याकडेच होता, साहेब. पण अकरा वाजता मी माजिवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतो. डोळ्यांत थेंब घातले होते. दोन तास मला समोरचं धड दिसत नव्हतं. मी मेसेज कसा पाठवणार?"

"फोन खिशातच होता ना?"

"खिशात होता."

"मग झालं तर. नातवंडं असतील तुम्हाला. या वयात हे धंदे शोभतात का?"

नंबर ज्याचा, माणूस तो. आमचा हिशेब इतका सरळ होता. डॉक्टरकडे फोन करून विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत.

काका म्हणाले, "मला काय व्हायचं ते होऊ दे. पण माझ्या वर्गाला वीस-बावीस बायका येतात. त्यांनी आता घरी काय सांगायचं, आपण कोणाकडे शिकायला जात होतो म्हणून?"

हे नाटक आहे असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगतो, तसंच वाटलं.

चारच्या सुमारास एक सत्तरीच्या बाई दारात आल्या. हवालदार अडवत होता तरी आत शिरल्या. पिशवीतून शंभर पानी वही काढून त्यांनी माझ्यासमोर उघडली.

"मी काकांच्या वर्गातली. साहेब, तुम्ही त्यांच्या फोनमधली जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिलीत का?"

"कसली यादी?"

"आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे ते त्यात दिसतं. काकांनी शिकवलंय. हे बघा, टीप लिहिलीय. तीन ठिपके दाबायचे, मग त्याच्या खाली."

काकांचा फोन टेबलावरच होता, अजून सील व्हायचा होता. मला ती यादी कुठे असते हे ठाऊक नव्हतं. तीस वर्षं नोकरी झालेला अधिकारी वहीत बघून एकेक बटण दाबत होता आणि बाई शेजारी उभ्या राहून "तिथे नाही, वर" म्हणत होत्या. यादीत एक कॉम्प्युटर निघाला. शेवटचा वापर, मंगळवारी सकाळी अकराच्या पुढे.

काकांनी कपाळावर हात मारला. तीन शनिवारांपूर्वी त्यांनी वाचनालयाचा कॉम्प्युटर हॉलमध्ये आणवला होता. मेसेज मोठ्या पडद्यावर कसे वाचायचे ते दाखवायचं होतं. बाकीचे आपले फोन जोडायला घाबरले, म्हणून स्वतःचाच जोडला. मध्येच वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला. पडदा काळा झाला म्हणजे खातंही बंद झालं, असं ते धरून चालले.

"खात्यातून बाहेर पडल्याशिवाय उठायचं नाही असं मीच सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले, "आणि मीच चुकलो."

मी बाईंना विचारलं, "मंगळवारी सकाळी वाचनालयात कोण कोण असतं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "साहेब, मंगळवारी वाचनालय बंद असतं. साप्ताहिक सुट्टी."

त्या वाचनालयावरून मी रोज जायचो. दारावर पाटी आहे. एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

पुढचं सोपं होतं. किल्ल्या दोघांकडे. ग्रंथपाल बाई आठवडाभर गावी कोकणात होत्या. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॅमेऱ्यात मंगळवारी पावणेअकराला शटर अर्धं वर करून आत शिरणारा माणूस स्पष्ट दिसत होता. तो माणूस म्हणजे फिर्यादींना घेऊन आलेले कार्यवाह.

गुरुवारी त्यांना बोलावलं. तेव्हा मी काय केलं तेही सांगतो, कारण लपवून उपयोग नाही. त्यांना मी बाकावर बसवलं नाही. केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा मागवला. संस्थेचा पदाधिकारी ना! फुटेज दाखवल्यावर दहा मिनिटांत ते बोलू लागले.

"सर्वसाधारण सभेत मला सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी, सभासदांसाठी घेतलेला कॉम्प्युटर ऑफिसात कुलपात का असतो म्हणून. बावीस वर्षं फुकट राबतोय मी या संस्थेसाठी. आणि कालचा आलेला माणूस मला जाब विचारतो? कॉम्प्युटरवर त्यांचं खातं उघडं दिसलं. म्हटलं, जिरवू जरा. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

त्यांच्यावर गुन्हा लागला, अटक झाली, जामीनही झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. आमच्या लेखी प्रकरण संपलं.

मी वाचनालयाच्या अध्यक्षांना म्हटलं, ग्रुपवर दोन ओळी टाका, काकांचा संबंध नव्हता म्हणून. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढायचं, साहेब? कार्यवाहांचा राजीनामा घेतलाय. संस्थेची उगाच शोभा होईल." काकांना मंगळवारीच ग्रुपमधून काढून टाकलं होतं, त्यामुळे त्यांना स्वतःला सांगायचीही सोय नव्हती. फिर्यादी बायकांनी ठाण्यात येऊन पुरवणी जबाब दिला, वाचनालयात तोंड उघडलं नाही. शनिवारचा वर्ग बंद पडला. वही घेऊन आलेल्या बाई काही दिवस काकांच्या घरी शिकायला जात होत्या. मग काकांच्या सुनेनेच सांगितलं, आता येऊ नका, शेजारी बघतात.

महिन्याभराने काका ठाण्यात आले. या वेळी मी उठून खुर्ची दिली. ते म्हणाले, "साहेब, मला ठाण्याच्या कागदावर दोन ओळी लिहून द्या, शिक्क्यानिशी. मी निर्दोष आहे एवढंच. सोसायटीच्या फलकावर लावतो."

मी म्हणालो, "काका, तशी तरतूद नाही. प्रकरण कोर्टात आहे."

"मला बाकावर बसवायची तरतूद होती?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. ते नमस्कार करून गेले. कागद मी दिला नाही. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि मला कुठलीही भानगड नको होती, खरं कारण हेच.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. फोनचा मालक आणि फोन वापरणारा वेगळे असू शकतात, हे शिकलो. पुढे प्रत्येक तपासात ती यादी आधी उघडली. पण ते तंत्र झालं, शिपाईसुद्धा चार दिवसांत शिकतो. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. माणसावर संशय घ्यायला आमच्याकडे छापील नमुने आहेत, तो परत घ्यायला एकही नाही. आणि जिथे नमुना नसतो तिथे आम्ही हात वर करतो.

त्या दोन ओळी आज इथे लिहितो. काकांनी तो मेसेज पाठवला नव्हता. त्यांचा काडीचाही दोष नव्हता. खाली त्यांचं नाव लिहावं म्हणून बराच वेळ पेन धरून बसलो. पण नाव वाचलं की लोकांना व्हिडिओच आठवेल, निर्दोष आहे हे आठवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून नाव लिहीत नाही. म्हणजे याही खेपेला मी त्यांना रिकाम्या हातानेच परत पाठवतो आहे.