एका शिट्टीत दोन गाड्या

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं ‘झॉम्बी प्रोसेस’वरून कुरकुरत होतात. मी मध्येच म्हणाले, “तिला मारू नका, तिच्या आईला हाक मारा.” आजीला हे कुठून ठाऊक, ते सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही, म्हणून आज लिहून काढते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मी बाभुळगावकडच्या एका कापूस खरेदी केंद्रात नोकरीला होते. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा सोबतची पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी एकटीच, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. काम साधं होतं. आलेल्या गाडीला नंबर द्यायचा आणि नंबराप्रमाणे दोन काट्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या छापायच्या. मुख्य प्रोग्राम, म्हणजे आई, प्रत्येक चिठ्ठीसाठी एक लहान प्रोसेस जन्माला घाली. ती काम संपवून मेली की त्याने तिची नोंद घ्यायची. नोंद घेतली नाही, तर मेलेली असूनही ती यादीत जागा अडवून बसे; तीच तुमची झॉम्बी.

गर्दीच्या एका दुपारी चिठ्ठ्या थांबल्या. नवी प्रोसेस सुरूच होईना. यादी काढली, तर ती मेलेल्यांनीच भरलेली. एकेकीला ‘किल’ देऊन पाहिलं. एकही हलली नाही. मेलेलीला आणखी काय मारणार?

केंद्रप्रमुख मागे येऊन उभे राहिले. “बंद करून चालू करा ना, बाई. मी घरी टीव्हीले तसंच करतो.”

“साहेब, सगळे नंबर मेमरीत आहेत. बंद केलं की रांगच पुसली जाईल.”

“मंग हातानं लिहू.”

खिडकीशी उभ्या असलेल्या एका शेतकरणीने ते ऐकलं. पुढचा नंबर तिचाच होता.

“हातानं कायले जी, साहेब? हातानं लिहाले लागले का तुमचे पाव्हणे पुढं अन् माही गाडी मागं. बैल मांगून आणले मी. उद्या सकाळी ज्याचे त्याले द्याचे हायेत.”

“कोन्ते पाव्हणे?”

“ते ट्रॅक्टरवाले. सकाळपासून तुमचाच चहा पिऊन राह्यले ना!”

रांगेत हशा पिकला. साहेब लाल झाले. “माहा चहा होऊ द्या,” ते मला म्हणाले, “मंग मी रजिस्टर काढतो.”

पुस्तकाची पानं उलटली, एक अक्षर डोक्यात शिरेना. उठले, बसले, पुन्हा उठून दारात गेले. फाटकातून दोन रिकाम्या गाड्या बाहेर पडत होत्या. आपल्याकडे एका गावच्या गाड्या एकेकट्या परतत नाहीत. आधी रिकामी झालेली सोबतिणीसाठी थांबते. गाडी बाहेर पडली की फाटकवाला शिट्टी वाजवी, आणि रांगेवरचा माणूस एक गाडी आत सोडी.

“अबे, दोन गेल्या ना! एकच काहून सोडली?” आतून एक हमाल ओरडला.

“शिट्टी एकच वाजली,” रांगेवरचा माणूस म्हणाला.

“दोन गाड्या संगंच गेल्या तर मी काय करू?” फाटकवाला म्हणाला. “तोंड एकच हाय मले!”

मी धावतच टेबलाशी आले. दोन्ही काट्यांवरच्या चिठ्ठ्या एकाच वेळी छापून झाल्या, की ‘मी संपले’ असे दोन इशारे एकदम येत असणार, आणि मुख्य प्रोग्राम त्यांचा एकच धरून एकीचीच नोंद घेत असणार. म्हणून तर हा घोळ गर्दीतच झाला. प्रोग्राम बहिरा नव्हता. त्याला फक्त पुन्हा हाक हवी होती. पुस्तकात त्या इशाऱ्याचं नाव शोधलं आणि तो हाताने मुख्य प्रोग्रामला पाठवला. यादीतली एक मेलेली नाहीशी झाली. पुन्हा पाठवला, आणखी एक गेली. मग मी थांबलेच नाही. बोटं ठणकायला लागली, आणि शेजारचा प्रिंटर करकरला.

साहेब कप हातात घेऊनच आले. “झालं?”

“नंबरानेच सोडा,” मी म्हणाले.

ती बाई काट्याकडे निघालीही होती. जाता जाता ट्रॅक्टरवाल्यांना म्हणाली, “घ्या, अजून एक एक कप घ्या.”

पुढे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी दुरुस्ती केली; इशारा आला की तो मेलेली एकही न उरेपर्यंत नोंद घेत राही. ते यंत्र कधीच भंगारात गेलं आणि खरेदी आता दुसरेच लोक करतात. त्या आवारात गाडी मात्र अजून नंबरानेच आत जाते.