मैनाबाईच्या चालत्या मुलाखती

मैनाबाईला बसून मुलाखत घेताना मी एकदाही पाहिलं नाही. आम्ही बाकीचे अंगणात खाट टाकून दिली की बसायचो, टॅबलेट मांडीवर घ्यायचो आणि प्रश्न एकपासून चाळीसपर्यंत गाडी हाकायचो. ही मात्र घरच्या बाईला विचारायची, "कुठी चालल्या? पान्याले? चला, माहाबी रस्ता तोच हाय." आणि त्या बाईची रिकामी घागर स्वतःच्या कमरेवर घेऊन तलावाच्या पाळीकडे निघायची. मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

एका कंपनीने बिनधुराची चूल काढली होती. अहेरीच्या बाजारात ती भराभर खपली, पण घरी नेल्यावर लोक ती वापरेनात. का, ते लोकांना विचारून शोधण्याचं काम आमच्या संस्थेकडे होतं. मी चंद्रपूरचा, नागपुरात मॅनेजमेंट शिकलेला, या पाहणीचा पर्यवेक्षक. मैनाबाई दहावी पास, चाळिशी ओलांडलेली, नवरा तलावात जाळं टाकून मासे धरणारा. माझ्या हाताखालच्या सहा जणांतली ती एक. पाहणी संपल्यावर आमच्यातल्या एकालाच जिल्हा समन्वयक म्हणून कायम करणार होते. तो एक म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो. बायकोला तर सांगूनही टाकलं होतं.

पहिल्याच खेपेला पाच जणांच्या फॉर्मांत एकच उत्तर आलं: चूल चांगली आहे. वापरता? हो, वापरतो. तक्रार? काही नाही. मैनाबाईच्या फॉर्मांत मात्र वेगळंच. धूर नाही म्हणून छपराच्या बांबूला कीड लागते. चुलीवर टांगलेले मासे सुकत नाहीत. चुलीचं तोंड एवढंसं, मग जंगलातून आणलेल्या लाकडाचे बारीक तुकडे करत कुणी बसायचं? नागपूरच्या मुख्य ऑफिसातल्या आमच्या मॅडमनी मीटिंगमध्ये हे मोठ्याने वाचून दाखवलं. "याला म्हणतात मुलाखत," त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या ते माझ्याकडे बघून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चहाच्या टपरीवर मी उसनं हसू आणून तिला विचारलं, "मैनाबाई, तुमच्याशीच लोक एवढं खरं कसं बोलतात?"

"अंगनात पाव्हन्याले वाईट सांगत नाई आमच्यात," ती म्हणाली. "तुमी त्यायच्या खाटेवर बसता, त्यायचा चहा पेता. मंग ते तुमची चूल चांगलीच हाय म्हनतीन ना, सर! एकदा कुडाच्या भाईर पडली बाई, का मंग तिच्या तोंडाले कोन धरते?"

"पण प्रश्न कसे विचारता?"

"इचारता काऊन? चालत राहाचं. रस्त्यानं मानूस आपोआप बोलते. या ना एक दिवस माह्यासंगं."

मी वेळ नाही म्हणालो. वेळ होता. पण पदवी माझी आणि धडे हिच्याकडून घ्यायचे? छे! त्यातून राग याचा, की आमच्या घरीही पाहुण्याने आणलेलं आंबट दही आम्ही गोडच म्हणतो, आणि मला हे सुचलं नाही.

तेव्हापासून मी तिला पाण्यात पाहू लागलो. गावोगावच्या बायका तिला हाका मारून जेवायला बसवत. मला "सर, पानी पेता का?" एवढंच. कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकत नसत. माझी मोटारसायकल दिसली की मात्र वेशीपर्यंत पाठ सोडत नसत. वर्ष सरत आलं आणि मॅडम फोनवर सहज म्हणाल्या, "समन्वयक म्हणून मैनाबाईंचा विचार करतोय." त्याच रात्री मी तिच्या टॅबलेटच्या नोंदी उघडून बसलो.

टॅबलेटमध्ये मुलाखत कुठे झाली त्याची नोंद होते. मैनाबाईच्या बहुतेक नोंदी घरांवर नव्हत्या, तलावाच्या पाळीवर होत्या. कारण मला ठाऊक होतं. तरीही मी वर कळवलं: 'ठिकाण जुळत नाही. फॉर्म तलावावर बसून मनानेच भरल्याचा संशय.'

अहेरीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर तिच्या हातातून टॅबलेट काढून घेतला आणि तिला घरी पाठवलं. मग मॅडमनी टॅबलेटमधली तिच्या मुलाखतींची सगळी ध्वनिमुद्रणं ऐकून काढली. पावलांचे आवाज, पाण्याचे आवाज, बायांचं हसणं, आणि एकूण एक उत्तर खरं. मॅडमनी माफी मागून तिला परत बोलावलं. तोवर जागा माझी झाली होती. मैनाबाई परत आली नाही.

आमच्याकडे काम सोडणाऱ्याचीही मुलाखत घेतात. गिऱ्हाइकाचं मन कळावं तसं नोकरमाणसाचंही कळावं म्हणून. ती घेणं आता समन्वयकाचं, म्हणजे माझंच काम. तिच्या अंगणात खाटेवर बसलो, चहा आला. मी मनातून निर्धास्त होतो. अंगणात बाई वाईट बोलायची नाही.

"काम का सोडलंत, मैनाबाई?"

"सर, तक्रार तुमीच केली. मले ठाऊक हाय."

मी कप खाली ठेवला. "अहो, पाहुण्याला अंगणात..."

"पाव्हन्याले नाई बोलत. तुमी कुठी पाव्हने? वर्षभर संगं फिरलो, माह्या घरचे मासे खाल्ले तुमी. तुमाले आपलं समजत होती, म्हून तोंडावर सांगून राह्यली." तिचा आवाज चढला नाही. "गावात खोटारडी झाली मी. पान्याले संगं येनाऱ्या बाया आता इचारते, 'बाई, आमचं बोलनं खरंच लिहलं होतं ना?' कोनत्या तोंडानं फिरू त्यायच्यासंगं? लिहा, सर."

काम सोडण्याच्या कारणापुढे मी 'घरगुती अडचण' असं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सहीला धरला. तिनं तो सावकाश शेवटपर्यंत वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. तिचा हात जरासुद्धा कापला नाही. खरं सांगतो, त्याचाही मला हेवा वाटला.