तात्यांची दहा मिनिटं

तात्या आमच्या ओट्यावर चहाला येत ते बरोबर चार वाजता, आणि उठत ते सव्वाचारला. बशीत चहा उरला असला तरी उठत. एकदा आईने भजी तळायला घेतली होती, वास सगळ्या आळीत गेला होता, आणि हे घड्याळ बघून चपला घालू लागले. "तात्या, दोनच मिनिटं," आई म्हणाली. "माझी येळ झाली. भजी उद्या चारला तळा," म्हणाले आणि गेले. गरम भज्यांवर पाणी सोडणारा दुसरा माणूस मी कोल्हारात पाहिलेला नाही.

ही शिस्त नोकरीने लावलेली. तात्या पाटकरी होते. कालव्याच्या चारीवर कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, ते ठरलेलं असतं. वेळ झाली की एकाचं दार पाडायचं आणि पुढच्याचं उघडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती, तरी मनगटावरचं घड्याळ फक्त अंघोळीला निघे.

मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून घरी बसून मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ बनवत होते. गावाच्या हिशेबी मी नुसतीच घरी बसले होते. खेळ असा: दहा साधी पानं घेऊन निघायचं. वाटेत लढाया, मध्ये विसाव्याचे मुक्काम. लढाई जिंकली की समोर तीन नवी पानं येतात, हवं तर त्यातलं एक घ्यायचं. असा आपला कॅट जमवत शेवटच्या गडापर्यंत पोचायचं. हरलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि वाट दर वेळी नवी. कोयता, गोफण ही मारायची पानं. ऊस, डाळिंब ही पिकांची. आणि तिसरी पाण्याची. पाण्याशिवाय कुठलंच पान चालत नाही. पिकाला पाणी फार लागतं, पण पीक आलं की गड एका फटक्यात पडतो.

एका कंपनीने खेळ बघून कळवलं होतं, बाकी छान आहे, पण पाणी जमवून खेळणाऱ्याचा डाव फार कंटाळवाणा होतो. महिन्याभरात सुधारा, नाहीतर आम्हाला नको. आणि वडिलांना मी शब्द देऊन बसले होते की कंपनीने नाही म्हटलं तर मुकाट्याने पुण्याची नोकरी धरीन. महिना सरत आला होता आणि माझं डोकं चालत नव्हतं.

"काय चाळा हाय बघू," म्हणून तात्यांनी एक दिवस टॅब ओढून घेतला. रोज पंधरा मिनिटं, असे चार दिवस खेळले. नुसतं पाणी गोळा केलं, गप्प बसून साठवलं, शेवटी एकदम ऊस टाकला आणि गड पाडला. मी टाळ्या वाजवणार तोच टॅब माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "ह्यो खेळ कुनी केला?"

"मी."

"मंग तुला पाटाचं पानी ठावं न्हाई. पाटाचं पानी कोन साठवतं गं? आलं तवा वापर, न्हाईतर ते पुढच्याचं झालं."

आमच्या उसाला त्याच चारीचं पाणी, आणि मी खेळातलं पाणी टाकीत भरल्यासारखं धरलं होतं! पुण्यात नळाखाली राहून अक्कलही नळाची झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच नियम बदलला: फेरी संपली की उरलेलं पाणी वाहून जाणार. फेरी संपवायच्या बटणावर मी 'दार बंद' असं लिहिलं. आता पाणी जास्त झालं तर वाया आणि पिकं जास्त झाली तर सुकणार. खेळात जीव आला.

तात्यांना मात्र ते सोपंच गेलं. मी दिसेल ते पान घेत सुटायची. तीस पानं बाळगून गडाच्या तोंडाशी आडवी. तात्या पुढे आलेली पानं बहुतेक वेळा नाकारत, आणि मुक्काम आला की जखमा बऱ्या करायच्या सोडून हातातलं एखादं फालतू पान फेकून देत. बारा पानांत गड पाडत. "चार वावरं आन् चार वावरांचं पानी," ते म्हणत. "पाचवं वावर दिसाया लई गोड, पर पानी तेवढंच हाय की." कंपनीचा होकार आला तेव्हा वडिलांनी आळीभर पेढे वाटले. तात्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पानी बराबर लागलं की पीक येनारच. त्यात काय?"

मग मी आगाऊपणा केला. पाटकऱ्याकडे जो तो मागतो म्हणून 'दहा मिनिटं' नावाचं नवं पान घातलं: ते टाकलं की दार थोडा वेळ उघडं राहतं, पण पुढच्या फेरीचं तेवढं पाणी तुटतं. तात्यांनी वाचलं. "हे काढ," म्हणाले, आणि चार वाजून दहा मिनिटांनीच उठून गेले.

आईने कपाळाला हात लावला. मग तिच्याकडून कळलं. एका दुष्काळी साली तात्यांच्या धाकट्या भावाचे, भिकाकाकांचे, उसाचे शेवटचे वाफे भिजायचे राहिले होते. काकांनी दहा मिनिटं मागितली. तात्यांनी दार पाडलं. ते वाफे जळाले, आणि भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांतलं बोलणं बंद झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी ते पान काढते म्हणाले, तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मागनारं मानूस असतंच. मी घेनार न्हाई, एवढंच." आणि माझ्यासमोर त्यांनी ते कधीच घेतलं नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. दोन दिवसांचा ताप, कुणाला अडकवून न ठेवता. मी त्यांना दिलेला जुना टॅब परत करायला भिकाकाकाच आले. "वहिनीनं दिलाय. तुझा हाय म्हनं." मी सहज उघडला. तात्यांचा शेवटचा डाव तसाच होता. बारा पानं, आणि त्यातलं एक 'दहा मिनिटं'. शेवटच्या गडाशी त्यांनी ते टाकलं होतं.

माझ्याच्याने राहवलं नाही. काकांना शेजारी बसवून ते पान काय करतं ते सांगितलं आणि म्हणाले, "काका, तात्यांनी दहा मिनिटं दिली होती."

काकांनी टॅब हातात घेतला. "मंग हारला आसंल त्यो."

"हो. पुढच्या फेरीला पाणी पुरलं नाही."

"कसं पुरंल? पुढच्याचं वावर सुकनारच." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला तवाबी ठावं हुतं, पोरी."

सव्वाचार होऊन गेले होते. काकांनी उपरण्याने काच पुसली, टॅब माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "लाव पहिल्यापासून. शिकीव मला."