ऐकणाऱ्यांचा शनिवार

गेल्या आठवड्यात माझा घसा पार गेला. खो-खोच्या मैदानावर ओरडून ओरडून! एरवी शाळेतल्या मुलांशी हळू, शांत, मऊ आवाजात बोलणं हेच माझं काम, आणि मी रेषेला चिकटून "अगं पळ की गं माय! दे, दे, खो दे!" असं बोंबलत होते. पंचांनी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही समुपदेशक ना?"

"हो," मी म्हटलं, "पण आत्ता नाही."

मैदानात जी उंच पोरगी पळत होती ती नववीतली. काही महिन्यांपूर्वी तिनं शाळेत यायचंच सोडलं होतं, आणि त्याला कारण मी होते. ते आधी सांगते, नाहीतर एवढं ओरडण्यासारखं त्यात काय होतं ते कळायचं नाही.

मी धाराशिवला राहते आणि पाच शाळा सांभाळते. सोमवारी जळकोट, गुरुवारी येरमाळ्याकडची एक शाळा, बाकीचे दिवस गावातल्या तीन. या गुरुवारच्या शाळेत मला दिलेली खोली म्हणजे पोषण आहाराचं कोठार. तांदळाची पोती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. मुलं खुर्चीवर बसत नाहीत, पोत्यावर बसतात. पोत्यावर बसलेलं पोरगं लवकर बोलतं, हा माझा स्वतःचा शोध आहे. कुणाला पटो न पटो.

आठवड्यातून एक दिवस कुणाला पुरतो? म्हणून मी एक युक्ती काढली. प्रत्येक वर्गात एक 'ऐकणारी' नेमायची. कुणाला काही सलत असेल तर तिनं ऐकायचं आणि गुरुवारी मला सांगायचं. जिल्ह्याच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी अशी फुगले होते म्हणता! नववीची ऐकणारी म्हणून मीच निवडली ती ही पोरगी. खो-खोच्या संघातली, कमी बोलणारी, आणि गोष्ट पोटात ठेवणारी.

एका गुरुवारी सव्वाचारला मी पर्स खांद्याला लावून निघाले होते, तर ही दारात उभी.

"मॅडम, थोडं बोलायचं व्हतं."

"अगं, साडेचारची गाडी आहे गं बाई. ती गेली की मग सहाशिवाय नाही. पुढच्या गुरुवारी पहिला नंबर तुझाच, बरं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, हे मला नंतर आठवलं. मग "व्हय मॅडम" म्हणाली, माझी टेबलावर राहिलेली पाण्याची बाटली आणून हातात दिली आणि गेली.

पुढच्या गुरुवारी ती नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पोट दुखतंय म्हणून घरी आहे, डॉक्टरला काही सापडत नाही. तिसऱ्या गुरुवारी खेळाचे सर म्हणाले की तिनं संघ पण सोडला. खो-खो सोडला? या पोरीनं? आमच्याकडच्या पोरींना चपलेशिवाय राहता येईल, पण खो-खोशिवाय नाही.

मी कुणाला बोलले नाही. चिडत मात्र राहिले. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी त्याच्या अंगावर धावून जायची. झोप लागेना, आणि गाडीत बसलं की नेहमीसारखे डोळे मिटायचे ते कंडक्टरनं "मॅडम, उठा, येरमाळा आलं" म्हणेपर्यंत. एका दुपारी मी सरळ राजीनामा लिहिला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. ज्या बाईला दारात आलेलं लेकरू दिसत नाही तिनं या खुर्चीत बसू नये, असं माझं ठाम मत झालं होतं.

त्या शनिवारी आमची महिन्याची बैठक होती. किती मुलं भेटली, किती तक्ते भरले, झालं. बैठक संपल्यावर आम्ही सहा समुपदेशक स्टँडवर आपापल्या गाडीची वाट बघत उभे. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आमच्यात एक वयानं मोठे सर आहेत. नळदुर्गकडचे, कपाळाला विभूती, घरच्यांशी फोनवर कानडीत बोलणारे. ते म्हणाले, "अहो, जगाचं ऐकतो आपण. चला, जरा आपलं आपण बोलू. भजी खाऊ."

तर बसलो कँटीनमध्ये. आणि काय सांगू तुम्हाला, सहा समुपदेशक एका टेबलाला बसले की काय होतं! एकीनं म्हटलं, "मला हल्ली फार थकवा येतो," तर पाचही जण मान तिरकी करून, आवाज बारीक करून सुरू झाले. "हे तुम्हाला कधीपासून जाणवतंय?" "श्वासावर लक्ष देऊन बघा ना." "एक वही करा, त्यात रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा." एकानं तर तिला पाण्याचा ग्लास पुढं केला, जसा आम्ही रडणाऱ्या पोरांना करतो. ती बिचारी आणखीच थकली.

मग सर माझ्याकडं वळले. तोच आवाज. "आणि तुम्हाला आत्ता या क्षणी काय वाटतंय?"

"मला वाटतंय," मी म्हटलं, "की हा चहा तुमच्या डोक्यावर ओतावा!"

 मग सर असे हसले, असे हसले की भजं घशात अडकलं आणि दोघांना त्यांची पाठ थोपटावी लागली. मग सगळेच हसले. मी पण हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. बाटली हातात देऊन गेलेल्या त्या पोरीचं मी सगळं सांगून टाकलं.

कुणीतरी तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला. "आजपासून नियम. या टेबलावर सल्ला बंद! बोलायचं ते एकानं, बाकीच्यांनी तोंडात भजं ठेवून ऐकायचं. ज्याच्या तोंडून सल्ला निघेल त्यानं उठून सगळ्यांना पाणी आणायचं."

आणि खरंच ऐकलं हो त्यांनी! पाच जण गुपचूप भजी चघळत माझ्याकडं बघत होते. असं माझं कुणी कधी ऐकलं होतं, आठवत नाही. माझ्या मानेवरची शीर मोकळी झाल्यासारखी झाली.

माझं बोलून झाल्यावर सर म्हणाले, "सोमवारची तुमची जळकोटची शाळा मी बघतो, माझ्या वाटेवरच आहे. तुम्ही त्या पोरीच्या घरी जा." आणि लगेच जीभ चावली. "अरेच्चा, हा सल्ला झाला!" उठले आणि जग घेऊन पाणी आणायला गेले. विभूती लावलेला तो माणूस नळाखाली जग धरून उभा होता, मला तो फार फार आवडला.

मग एकमेकांच्या शाळा अडीनडीला कुणी कधी सांभाळायच्या, ते लिहायला कागद हवा होता. मी पर्समधून हाताला लागला तो कागद दिला. सरांनी घडी उघडली, वाचली. तो राजीनामा होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सरळ कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला सहा जणांचे वार लिहिले आणि परत माझ्या हातात दिला.

सोमवारी मी तिच्या गावी गेले. तिची आई अंगणवाडीत मदतनीस. "जय भीम मॅडम, या की आत," म्हणाली आणि पाणी द्यायच्या आधीच डोळे पुसायला लागली. "काय झालंय पोरीला कळंना बगा. डॉक्टर म्हणतो कायबी न्हाय." पोरगी आत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी जवळ जाऊन खाली बसले आणि शेंगा फोडायला लागले. टोपलीतल्या अर्ध्या शेंगा फोडून झाल्या.

"त्या दिवशी मी तुला परत पाठवलं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. मग ती हळूहळू बोलायला लागली. "मधल्या सुट्टीत पोरी डबा उघडू देत न्हायत मॅडम. एकीचं सांगून झालं की दुसरी. शाळा सुटल्यावर रस्त्यानं तिसरी. घरी आलं तरी तेच डोक्यात. एकीच्या घरी तर लग्नाचं चाललंय, आन् तिनं मला शपथ घातलीया. मला झेपंना."

 चौदा वर्षांच्या पोरीला मी समुपदेशक करून ठेवलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या, आणि तिचं कोण ऐकणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

"मग परत का नाही आलीस गं? मी होते ना."

ती दाराकडं बघायला लागली. "पप्पा म्हणले, तुमच्या त्या मॅडम गाडीत बसल्या की झोपत्यात. झोपंत पण कपाळाला आठ्या असत्यात. त्या दिवशी दारात तुमचं तोंड बघितलं आन् म्हणलं, ह्यांना आणिक कशाला त्रास."

"पप्पा? त्यांना काय माहीत?"

उत्तर दारातूनच आलं. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी. "आवो मॅडम! तुम्ही? आमच्या घरी?" दर गुरुवारी मला उठवणारा कंडक्टर! वर्षभर त्या माणसाच्या हातून तिकीट घेतलं, पण मी एका शब्दानं त्याची चौकशी केली नव्हती. जगाची विचारपूस करणारी मी! लाजेनं शेंगांच्या टोपलीत तोंड घालायचं तेवढं बाकी होतं.

जाताना पोरगी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. मी तिला राजीनाम्याचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मी पण सगळं एकटीनं धरून बसले होते, परवा पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि म्हणून आज इथं येता आलं.

ती थांबली. रस्त्याच्या कडेला पायानं रेघ ओढली. "मॅडम, खो-खोत पाठलाग करणारीला मागं फिरता येत न्हाय. ठाव हाय ना? पुढची पळणारी उलटी फिरली की बसलेलीला खो द्यायचा. न्हाय दिला तर ती हातची गेलीच. आठ जणी काय उगंच बसलेल्या असत्यात का?"

इतकी पुस्तकं वाचली मी, इतकी प्रशिक्षणं केली. फाट्यावर उभं राहून ते ऐकलं आणि मला उडी मारावीशी वाटली. खरंच मारली असती, पण समोरून गाडी आली.

लग्नाचं चाललं होतं त्या मुलीचं काम मी त्याच दिवशी हातात घेतलं, मुख्याध्यापिका बाईंना सोबत घेऊन. शपथ मोडल्याचा राग तिच्या मनात दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच येऊन पोत्यावर बसली. लग्न थांबलं, ती शाळेत आहे, माझी पोरगीही शाळेत आणि संघात परतली, आणि दोघी एकाच बाकावर बसतात. ऐकणाऱ्या मी बंद केल्या नाहीत, पण आता वर्गात दोघी असतात. जड गोष्ट त्याच दिवशी बाईंकडं द्यायची, घरी न्यायची नाही. आणि महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर ऐकणाऱ्या सगळ्या माझ्या खोलीत जमतात. सल्ला बंद. कँटीन नाही, म्हणून भज्यांच्या जागी शेंगा. पाणी आणायला सगळ्यात जास्त वेळा मीच उठते, जित्याची खोड.

आता कळलं ना मी का बोंबलत होते?

शेवटचं मिनिट, बरोबरीत गुण. माझी पोरगी पाठलागावर. पुढची पळणारी चलाख, खांबाच्या अलीकडंच गर्रकन उलटी फिरली. हिचा हात वीतभर मागं. आणि हिनं क्षणाचाही विचार केला नाही. ओरडली, "खो!" बसलेली बुटकी मुलगी अशी उसळली की दोन पावलांत गडी बाद! जिंकलो! एका गुणानं जिंकलो! मी पंचांना मिठी मारायच्या बेतात होते, त्यांनी वेळीच शिट्टी मध्ये धरली. आणि माझी पोरगी? दुसरीच्या जागेवर बसलेली, धापा टाकत, तोंडभर हसत होती.

काल गुरुवार होता. सव्वाचारला मी पर्स खांद्याला लावली. राजीनाम्याचा कागद अजून त्याच पर्समध्ये आहे, घड्यांवर फाटत आलाय, पण मागची बाजू दर आठवड्याला लागते. वळले तर ती दारात.

"मॅडम, थोडं बोलायचं व्हतं."

मी दचकून विचारलं, "कुणाचं काय झालं गं?"

"कुणाचंच न्हाय," ती म्हणाली आणि लाजून पोत्यावर बसली. "आज माझंच हाय."

बाहेर साडेचारच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिच्या पप्पांचीच गाडी. दर वेळी ते माझ्यासाठी मिनिटभर थांबवतात. मी खिडकीतून हात हलवला, जा म्हटलं, आणि खुर्ची तिच्यासमोर ओढली.