रिपोर्टवरच्या लाल खुणा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. हातात लाल पेन आला की समोरचा कागद तपासल्याशिवाय मला राहवत नाही. ही खोड माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर बेतली, हे आता मी कुणापासून लपवत नाही.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, ऐन सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत त्याला ताप आला. तपासणीत कोरोनाच निघाला. वाशीमच्या दवाखान्यात दहा दिवस काढून तो घरी आला, तोवर वावरातल्या शेंगा तडकायला लागल्या होत्या. भीतीपोटी आमच्या ओट्याकडे कुणी फिरकत नव्हतं, पण सावडीतली माणसं तोंडाला रुमाल बांधून आमच्या वावरात शिरली आणि दोन दिवसांत सगळं सोंगून गेली. सावड म्हणजे ते आपल्याकडे आले की आपणही त्यांच्याकडे राबायला जायचं. बदली मजूर पाठवून ती फिटत नाही. घरी बसलेल्या भावाला त्याची फार टोचणी लागली.

चालताना दम लागायचा म्हणून रिसोडच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट दाखवल्याशिवाय जड काम करायचं नाही, असं बजावलंही होतं. मी लॅबमधून रिपोर्ट आणायला गेलो त्या दिवशी डॉक्टरांचा दवाखाना नेमका बंद होता. कागद घेऊन मी घरी आलो.

“वाच ना मास्तर. काय म्हणते कागद?” भाऊ म्हणाला.

कोलेस्टेरॉलचे सगळे आकडे मर्यादेच्या आत होते. वाईट कोलेस्टेरॉल तर मागच्या वर्षीपेक्षा कमी. मी पेन काढला आणि एकेका आकड्यापुढे बरोबरची खूण करत गेलो.

“पास झाला तू, दादा.”

“मंग उद्या जातो सोंगाले. लोकं आपल्या वावरात राबून गेले, मी काहून घरी बसू?”

वहिनी दारातून म्हणाली, “भाऊजी, तुमी तरी सांगा ना. डॉक्टरले दाखवू द्या पयले.”

“जाऊ द्या वहिनी,” मी म्हणालो. “काही नाही झालं त्याले.”

दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, शेजाऱ्याच्या वावरात तो विळा घेऊनच खाली बसला. पाणी मागितलं. पाणी येईस्तोवर आडवा झाला. जीपमधून रिसोडला नेलं, पण हृदय केव्हाच थांबलं होतं.

तेरवीनंतर मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, नक्की कशानं गेला ते आता सांगता येणार नाही. पण अशा आजारात कोलेस्टेरॉलचा आकडा कधी कधी उतरतो आणि कागदावर उलट बराच दिसतो. रक्तवाहिन्यांतली चरबी उचलून नेणारं, सूज आवरणारं जे चांगलं कोलेस्टेरॉल, ते विषाणूच्या तडाख्यात बिघडतं. असतं, पण काम नीट करत नाही. ते या रिपोर्टात दिसत नाही. ताप गेला तरी काही आठवडे हृदयाला जपावं लागतं.

भाऊ बियाण्याचं सोयाबीन विकत घ्यायचा तेव्हा पोत्याच्या वजनावर कधी गेला नाही. मूठभर दाणे काढायचा, एक दाताखाली फोडायचा, मगच मान हलवायचा. मी मात्र त्याला नुसत्या आकड्यांवर पास केलं होतं. मला माझी लाज वाटते, आजही वाटते.

डॉक्टरांकडून परतताना शेजारी भेटला. त्या सकाळी त्यानं भावाला बांधावर बसून राहायला सांगितलं होतं म्हणे. भावानं ऐकलं नाही. खिशातून रिपोर्ट काढून सगळ्यांना लाल खुणा दाखवत फिरला.

“पाहा ना बे,” म्हणत होता, “माह्या भावानं पास केलं मले.”