डोमाजीभाऊंना दिसलेला शंकर

जानेवारी १९८४, दुसरा रविवार, सकाळी सात. जुनवानी गावापुढचा तलाव. हजर: मी, माझे यजमान, शेजारच्या बोरकरवहिनी, पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधले डोमाजीभाऊ. पक्ष्यांची यादी माझ्याकडे.

वहीत इतकंच आहे. जे नाही, ते दहा वर्षांत मी कुणापाशी काढलेलं नाही.

आमचा एक नियम होता, म्हणजे माझाच. दोघांना दिसल्याशिवाय पक्षी यादीत जायचा नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे ते छोटे गाणारे पक्षी क्षणभर दिसतात आणि लव्हाळ्यात शिरतात. एकट्याच्या सांगण्यावर कसं लिहायचं? नियम चांगलाच होता. मी तो कशाला वापरला, ते सांगते.

आदल्या रविवारी डोमाजीभाऊंनी माझी चूक धरली होती. भंडाऱ्याकडे शेतात वाढलेला माणूस. दुर्बीणही न लावता म्हणाले, "बाई, तो नव्हे हा. शेपटी तं पाहा." बरोबर होतं. सगळ्यांसमोर मला स्वच्छ पानावर काट मारावी लागली. एवढंच — आणि एवढ्यासाठी?

तर त्या सकाळी चिखलावर एक पक्षी उतरला. निळा गळा, मधोमध तांबडा ठिपका — शंकर. आम्ही तो फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. बाकीची दोघं मागे थर्मास उघडत होती. माझ्या दुर्बिणीत तो दहा आकडे मोजेपर्यंत होता.

"बाई, दिसला ना तुमाले?"

"मले तं नाही दिसला, भाऊ."

माझी दुर्बीण कुठे रोखलेली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. तरी ते वळून परत चिखलाकडे पाहू लागले. यजमान मात्र हसले, "डोमाजी, नाइट शिफ्ट करून आले काय? झोपेत पाहून राहिले तुमी!"

ते मिलमध्येही पसरलं. "काय डोमाजी, आज मोर की गरुड?" पुढचे दोन रविवार ते आले — काही दिसलं तरी बोट दाखवेनात. मग आलेच नाहीत. रिटायर होऊन गावी गेले.

मी भित्री होते? की दुष्ट? ठरवत बसायचाही आता कंटाळा येतो. खोटं बोलले, एवढं नक्की.

यजमान तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगतात. परवाही सांगितला, सगळे हसले, मी कप उचलले. यांना खरं काय ते सांगायचं — ते अजून राहिलंच आहे.