त्रेचाळीस ठिकाणची मावशी

ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या त्या बाईंना जगभरचे लोक मावशी म्हणत. खरी भाची मात्र एकच. अठरा वर्षांपूर्वी दोघींनी मिळून पुस्तकांच्या देवघेवीचा एक प्रोग्राम लिहिला आणि फुकट, खुला सोडून दिला. ज्याला हवा त्याने वापरावा, जमेल त्याने सुधारावा. तेव्हा कॉलेजात असलेली भाची काही कळेनासं झालं की कोडच्या शेजारी टीप लिहून ठेवी, 'मावशीला विचारा'. पुढे दूरदूरची माणसं मदतीला आली. त्यांना वाटलं, मावशी हे पद आहे. एकाने तर अदबीने विचारलंही, एखादी उपमावशी नेमता येईल का? मावशी पोट धरून हसल्या. नेमलं मात्र कुणालाच नाही. खुर्ची कुणाला आवडत नाही?

आता सहाशे ग्रंथालयं त्या प्रोग्रामवर चालत होती आणि ती टीप त्रेचाळीस ठिकाणी होती. पुढच्या पाच वर्षांची दिशा ठरवायला सगळे संगणकाच्या पडद्यावर जमणार, त्याच्या आदल्या दिवशी भाची ग्रंथालयात आली.

"मावशी, स्पष्ट बोलू? नव्या सोयींची यादी राहू दे. उद्या तू आजारी पडलीस तर या त्रेचाळीस जागी कुणाला विचारायचं?"

"अगं, मी काय लगेच चाललेय?"

"बरं, मग सांग. परत आलेलं पुस्तक त्याच दिवशी दुसऱ्याला देता येत नाही. हे असं का ठेवलंयस?"

मावशींनी खूप आठवून पाहिलं, पण कारण काही आठवेना. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! भाची हलकेच त्यांच्या पाठीवर थोपटून निघून गेली, आणि तेच मावशींना जास्त लागलं.

दुपार कलली होती. वाचनकक्षात पंख्याची संथ घरघर आणि कुणीतरी पान उलटल्याचा आवाज, एवढंच. मावशींचा डोळा लागला. स्वप्नात कपाटं लांबच लांब गेली होती, भिंत कुठे संपते ते दिसत नव्हतं. प्रत्येक खणावर तीच चिठ्ठी. समोर वाचकांची रांग. कुणी घाई करत नव्हतं, कुणी रागावत नव्हतं. मावशीही रांगेत मध्येच कुठेतरी उभ्या होत्या. हळूहळू पुढे सरकत टेबलाशी पोचल्या, तर खुर्ची रिकामी. आणि मागची माणसं तशीच शांतपणे थांबलेली. किती वर्षं थांबली होती कोण जाणे. जाग आली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी सरळ सांगून टाकलं, "परत आलेलं पुस्तक त्याच दिवशी का द्यायचं नाही, मला आठवत नाही." मग एक दाढीवाला गृहस्थ पलीकडून म्हणाला, "मावशी, त्या ओळीला हात लावायला मी नऊ वर्षं घाबरतोय." सगळे मनमोकळे हसले.

ठरलं ते असं: वर्षभर नवीन काही करायचं नाही. एकेक टीप उघडायची आणि तिथे कारण लिहायचं. कारण सापडलं नाही तर ती ओळ काढून बघायची. देवघेवीचा तो नियम काढला, एकाही ग्रंथालयातून हूं की चूं आलं नाही. शिवाय मावशीपद दरवर्षी फिरतं झालं. पहिली मावशी म्हणून दाढीवालाच निवडून आला.

त्यानंतरच्या वर्षी मावशींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे पडदा बंद. पट्टी सुटली तेव्हा भाची समोर बसली होती. चेहरा अजून धूसर दिसत होता, पण आवाजातला आनंद लपत नव्हता.

"नवी आवृत्ती निघालीसुद्धा! तुझ्यावाचून कुणाचं काही म्हणता काही अडलं नाही बघ."

"वा!" मावशी म्हणाल्या. याचसाठी तर दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं. मग त्यांनी भाचीचा हात चाचपून धरला आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.